घरी लुअर बनवायचं तर आधी पाण्याची बादली, एअरब्रश नंतर

यावलच्या एका भाऊंनी विचारलंय की हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला मरळसाठी दुकानातले फ्रॉग (बेडकासारखे लुअर, म्हणजे नकली आमिष) वापरतो, महाग पडतात, बुडालेल्या बाभळींच्या काट्यात अडकून तुटतात, म्हणून आता घरीच बनवायचेत. तर हत्यारं कोणती घ्यावी, लाकूड कोणतं चालेल, आणि ड्रेमेल (कोरायचं-घासायचं हातातलं छोटं इलेक्ट्रिक यंत्र) आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा ब्रश) दोन्ही आत्ताच मागवून टाकू का.

भाऊ, दोन्ही आत्ता मागवू नका. मी तापी, गिरणा, वाघूर सगळीकडे घरचीच लुअर टाकत आलोय आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो, मासा लागतो तो चालीमुळे. म्हणजे लुअर पाण्यात बसतं कसं, ओढलं की हलतं कसं, थांबवलं की काय करतं, हे सगळं. रंग त्याच्या बराच नंतर येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तापीला जे चहाच्या रंगाचं पाणी येतं त्यात तर रंग किती दिसत असेल तुम्हीच विचार करा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते ना, त्या रेघेतून त्याला पाण्यातली थरथर कळते, गढूळ पाण्यात तो त्या थरथरीवर आणि अंधुक सावलीवर येतो. म्हणून पैसा आणि वेळ दोन्ही वजन, तोल आणि ओठ (लुअरच्या तोंडाशी बसवलेली, पाणी कापणारी पट्टी) यांच्यावर घाला, रंगकामाला शेवटी जे उरेल ते द्या.

फिनलंडच्या लाऊरी रापालाचं नाव तुम्ही डब्यांवर वाचलंच असेल. त्याने 1936 साली पहिलं लुअर बुचाचं कोरलं, वरून चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं कोटिंग दिलं. हत्यार म्हणजे चाकू आणि पॉलिश पेपर. पण त्याने एक गोष्ट नीट बघितली होती, लहान माशांच्या थव्यात जो मासा जरा वेडावाकडा, लंगडल्यासारखा पोहतो त्यालाच मोठा मासा उचलतो, आणि तीच चाल त्याने बुचाच्या तुकड्यात आणली. आपल्यालाही तेच करायचंय.

हत्यारांचं म्हणाल तर घरात निम्मी असतीलच. हॅक्सॉचं बारीक दातांचं ब्लेड, धारदार कटर, एक अर्धगोल कानस, पॉलिश पेपर 80, 120, 240 आणि 400 नंबरचे, हातड्रिल चालेल किंवा साधं इलेक्ट्रिक, त्याला 1, 1.5, 3 आणि 6 मिलिमीटरचे बिट. टेबलाला लावायचा छोटा वाईस मात्र नक्की घ्या, लुअर हातात धरून ड्रिल मारायला गेलं की बिट तळहातात जातो. गोल टोकाचा पक्कड आणि सुईसारख्या बारीक कानशी सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात चांगल्या मिळतात, जळगावला सोन्याचं एवढं मोठं काम चालतं तर तिथे बघा, हार्डवेअरवाल्याकडच्या त्या मानाने जाड असतात. आणि 0.1 ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. हा काटा मी ड्रेमेलच्या आधी घ्यायला सांगेन, कारण एक लुअर मस्त चाललं आणि त्याचं वजन तुम्ही लिहून ठेवलं नसेल तर दुसरं तसं बनणारच नाही. ड्रेमेल काम पटकन करतो हे खरं, पण नवीन माणसाच्या हातात तो लाकूडही तितकंच पटकन जास्त खातो, हात बसला की घ्या.

आता मरळचा फ्रॉग, कारण तुमचं मुख्य काम तेच आहे. मरळ हवेत श्वास घ्यायला सारखी वर येते, पाणवेलीच्या कडेला, गवताच्या फटीत दबा धरून बसते, म्हणून वरून सरकणारी वस्तू तिला सोडवत नाही. घरी बनवायला सगळ्यात सोपा फ्रॉग चपलेच्या सोलचा. पण सोल कुठला हे महत्त्वाचं आहे बरं का, जुनी कडक झालेली रबरी हवाई चप्पल नको, ईव्हीए फोमची मऊ चप्पल पाहिजे, अंगठ्याने दाबली की खड्डा पडला पाहिजे आणि सोडलं की वर आला पाहिजे. मरळने तोंडात दाबल्यावर फोम दबून गळाची टोकं बाहेर यायला हवीत, कडक सोलमध्ये ती येत नाहीत आणि मग लोक म्हणतात मासा लागतो पण सुटतो.

सोलचा 6 सेंटिमीटर लांब आणि पावणेतीन सेंटिमीटर रुंद तुकडा घ्या, जाडी साधारण दीड सेंटिमीटर. पुढचं टोक निमुळतं, मागचा भाग गोल. कटरचं ब्लेड नवं घ्या आणि ओलं करून कापा म्हणजे फोम ओढला जात नाही, एका दमात लांब काप घ्या, करवतीसारखं मागे-पुढे केलं की कडा खडबडीत होतात. आकार आला की 80 नंबरच्या पेपरने घासून गोलाई द्या. मग डबल हुक (दोन टोकांचा गळ), 2/0 किंवा 3/0 मापाचा, मागून पुढे असा की दांडी पोटाच्या मध्यातून जाईल आणि डोळा नाकातून बाहेर येईल. त्यासाठी पोटाला मधोमध एक चीर द्या, अर्ध्या जाडीपर्यंत, हुक आत बसवा आणि मग रबर सोल्युशन, म्हणजे चपला-बुटाला लावतात ते, चिरेच्या दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. हाताला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. लोक लावल्या लावल्या दाबतात आणि मग चार फेकीत पोट उघडतं. हुकाची दोन्ही टोकं पाठीला लागून, एक-दोन मिलिमीटर वर अशी राहिली पाहिजेत, जास्त वर ठेवलीत तर गवत ओढून आणेल, फोममध्ये रुतली तर मासा लागणार नाही. मी टोकाखाली पाठीवर बारीक खाच करून ठेवतो, टोक त्या खाचेत लपतं आणि दाबलं की मोकळं होतं.

वजन कुठे घालायचं इथे सगळा फ्रॉग ठरतो. फोम इतका हलका असतो की नुसता फेकला तर वाऱ्यावर परत येईल, म्हणून पोटात 5-6 ग्रॅम लागतंच, पण ते मधोमध घातलं तर फ्रॉग पाण्यावर सपाट पडून राहतो आणि ओढला की नुसता सरळ येतो. वजन मागच्या एक तृतीयांश भागात, तळाशी घाला. मग तो शेपूट खाली, नाक वर असा तिरपा बसतो, रॉडच्या टोकाला झटका दिला की नाक डावीकडे-उजवीकडे फिरतं, आणि मुख्य म्हणजे हवेतून पडताना हुक वरच्या बाजूला राहून पडतो. चिकटवायच्या आधी वजन पोटाला दोरा किंवा रबरबँडने बांधून बादलीवरून हात सोडून पाडून बघा, एकदा नाही, बऱ्याच वेळा, उलटा पडायला लागला तर वजन अजून खाली किंवा अजून मागे. पायांना जाड रबरबँडचे झुपके किंवा फुग्याच्या पट्ट्या चालतात, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पण चालतात पण त्या जड असतात, वजनात धरा. काटेरी झाडात टाकायचं असेल तर नाकापासून जाड नायलॉनचा, 0.7-0.8 मिलिमीटरचा, एक वळसा टोकांच्या पुढून घ्या, काटा त्याच्यावर घसरतो.

दुसरी वस्तू आपल्या भागात फुकट पडलेली असते ती म्हणजे ठिबकची नळी. केळीच्या शेतातून काढून टाकलेल्या 16 मिलिमीटरच्या लॅटरलचे तुकडे बांधावर पडलेलेच असतात. त्याचा पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारं लुअर) फार छान होतो, पण एक गोष्ट आधी समजून घ्या, ही नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला अॅरल्डाईट, फेविक्विक काहीही धरत नाही, रंगही धरत नाही. म्हणून चिकटवायच्या भानगडीत पडू नका, सगळं तारेवर बांधा. 7-8 सेंटिमीटरचा तुकडा ज्यात ड्रिपर नाही आणि भोक नाही असा निवडा. दोन्ही टोकांना लाकडाचे बूच कोरा, नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित जाड. शेतात जॉइनर बसवताना नळीचं टोक गरम पाण्यात बुडवतात ना, तसंच करायचं, टोक गरम पाण्यात धरा, मऊ पडलं की बूच ठोका, गार झाल्यावर ते असं आवळतं की हाताने निघत नाही. पुढचं बूच आत वाटीसारखं खोलगट कोरायचं, त्यानेच पाणी उडतं आणि बुडुक असा आवाज येतो. दोन्ही बुचांतून मधोमध एक एसएसची (स्टेनलेस स्टीलची) तार आरपार काढून पुढे-मागे डोळे वळवा म्हणजे माशाची सगळी ओढ तारेवर येईल, नळीवर नाही. पोकळीत चपलेच्या फोमची एक पट्टी भरून ठेवा, थोडंफार पाणी शिरलं तरी लुअर बुडणार नाही. काळाच राहू द्या, खालून आकाशाकडे बघणाऱ्या माशाला संध्याकाळी काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते. मागच्या बुचात दोन ग्रॅमचा शिशाचा छर्रा बसवला की पॉपर तिरपा उभा राहतो आणि फेकतानाही शेपूट पुढे करून जातो.

लाकडाचं लुअर, म्हणजे लहान माशाच्या आकाराचं ओठवालं मिनो, हे खरं कारागिरीचं काम आहे आणि यातच मला सगळ्यात जास्त रस आहे म्हणून जरा लांबण लागेल. तुमच्याकडे मरळसाठी ते फार लागणार नाही पण धरणाखालच्या वाहत्या पाण्यात शिवड्याला, आणि सातपुड्याच्या नद्यांत महाशीरला, याच्यासारखं काही नाही.

लाकूड हलकं पाहिजे. पांगारा मिळाला तर सोनं, सागाच्या निम्म्याहून हलका असतो आणि कटरने कापतो. काटेसावर पण चांगली, महारुख चालतो. शिवण जरा जड पण कोरायला गोड आणि मजबूत, मोठ्या माशाला मी शिवणच घेतो. साग घेऊ नका असं नाही, पण सागाचं लुअर आधीच जड, त्याला तळाशी वजन घालायला जागा उरत नाही, आणि तळाशी वजन नसेल तर ते ओढताना कलंडतं. हलकं लाकूड आणि तळाला शिसं, याने पाठ वर राहते आणि पोट खाली ओढलं जातं, मग ओठाला पाणी लागलं की लुअर डावीकडे-उजवीकडे डोलतं पण उलटत नाही. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, ओल्या लाकडावर कोटिंग केलं की उन्हात तडकतं.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण उलटी करतात. ओठाची खाच आणि तारेची खाच आधी पाडायची, ठोकळा चौकोनी असतानाच. साडेआठ सेंटिमीटर लांब, दोन उंच, दीड जाड असा ठोकळा, रेषा लांबीला समांतर. चारही बाजूंवर पेन्सिलने मध्यरेषा मारा, मग गुण्याने ओठाचा कोन आखून हॅक्सॉने खाच, आणि पोटाच्या मध्यरेषेवर नाकापासून शेपटीपर्यंत तारेसाठी सरळ खाच. ठोकळ्याच्या बाजू सरळ आहेत तोवर ब्लेड सरळ चालतं. एकदा लुअर गोल कोरून झालं की मग त्याच्यावर सरळ खाच पाडणं कुणालाच जमत नाही, आणि ओठ केसभर जरी वाकडा बसला तरी लुअर आयुष्यभर एका बाजूला पळतं. कोरताना मध्यरेषा सगळ्यात शेवटी पुसली गेली पाहिजे, ती दिसतेय तोवर दोन्ही बाजू सारख्या होतात. बाजू जरा सपाट ठेवल्या तर डोल जास्त मिळतो, पूर्ण गोल अंग केलं तर बारीक थरथर.

तार 0.8 ते 1 मिलिमीटर एसएसची, अखंड एकच, नाकाशी डोळा, पोटाशी एक वळसा, शेपटीशी डोळा. गुंडाळीतली तार सरळ करता करता जीव जातो, मोठ्या लुअरला टिग वेल्डिंगवाल्यांकडची 1.6 मिलिमीटरची एसएसची फिलर रॉड घ्या, ती सरळच मिळते. छोटे स्क्रू-डोळे लावूनही लुअर बनतं, लहान चिलापीला वगैरे ठीक आहे, पण मोठ्या शिवड्याने लाकूड चावून फोडलं तर स्क्रू निघून येईल, आरपार तार असली की लाकडाचे दोन तुकडे झाले तरी मासा दोरीवर राहतो.

ओठाला पॉलिकार्बोनेट पाहिजे, अॅक्रिलिक दगडावर आपटलं की मोडतं. जुनी सीडी पॉलिकार्बोनेटचीच असते, 1.2 मिलिमीटर जाड, चांदी चिकटपट्टीने ओढून काढायची आणि बारीक ब्लेडने कापायची, कात्रीने कापली तर तडे जातात. मोठ्या लुअरला हेल्मेटची जुनी काच. कोन कसा ठेवायचा, तर ओठ जितका खाली उभा तितकं लुअर वरच्या थरात राहतं आणि रुंद डोलतं, ओठ जितका अंगाच्या रेषेत पुढे निघालेला तितकं ते खोल जातं आणि डोल आवळतो. बाभळी बुडालेल्या पाण्यात मी ओठ जरा रुंदच ठेवतो, फांदीला आधी ओठ लागतो आणि हुक त्याच्या मागे सुखरूप राहतात.

वजन आता. आणि बादली इथे लागते, बादलीपेक्षा पिंप किंवा हौद असेल तर उत्तम. कच्चं लुअर आधी पातळ सीलरचा एक हात देऊन वाळवा नाहीतर लाकूड पाणी पिऊन वजन बदलेल. त्याला जे हुक आणि रिंग शेवटी लावणार तेच आत्ता लावा, दुसरे नाही, कारण दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक मिळून लुअरच्या वजनात मोठा वाटा घेतात. मग छर्रे पोटाला टेपने चिकटवा, पहिला अंदाज म्हणून पोटाच्या हुकाच्या जरा पुढे, एवढ्या लुअरला साधारण 2 ते 4 ग्रॅम. पाण्यात सोडा. नुसतं तरंगतंय का ते बघू नका, बोटाने कुशीवर पाडा आणि सोडा, झटकन सरळ झालं पाहिजे. हळूहळू डुलत डुलत सरळ होत असेल तर वजन अजून तळाशी हवं. नाक किंचित खाली असावं, शेपूट खाली गेली तर ओठाला पाणी नीट लागत नाही. ते झालं की दीड-दोन हात दोरी बांधून हौदात हळू ओढा. डोल हळू ओढल्यावर सुरू झाला पाहिजे, जोरात ओढल्याशिवाय हलत नसेल तर वजन जास्त झालं. दोन-चारदा छर्रा अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून बघा, एवढ्याशा फरकाने चाल किती बदलते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. जागा नक्की झाली की पेन्सिलने खूण, 6 मिलिमीटरचं भोक, छर्रा आत, वरून लाकडाचा भुसा आणि अॅरल्डाईट कालवून भरायचं. आणि वजन, जागा, ओठाचा कोन वहीत लिहायचं.

पूर्ण झालेलं लुअर एका बाजूला पळत असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे करून धरा आणि ज्या बाजूला पळत होतं त्याच्या उलट बाजूला नाकाचा डोळा पक्कडीने अगदी किंचित वाकवा, दिसेल न दिसेल इतकाच, परत ओढून बघा. एकदम जास्त वाकवू नका, तार थकते.

शिसं वितळवण्याबद्दल खास सांगतो. शक्यतो वितळवूच नका, दुकानातले तयार छर्रे आणि गोळ्या पुरतात, नाहीतर एसएस किंवा पितळेच्या बोल्टचे तुकडे वापरा. करणारच असाल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा आणि जाड हातमोजे घालून. शिसं 327 डिग्रीच्या आसपास वितळतं, त्यात किंवा साच्यात पाण्याचा एक थेंब जरी असला तर त्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. आणि जुन्या बॅटरीचं शिसं अजिबात नको, त्यात अॅसिड असतं. टायरवाल्यांकडची जुनी व्हील बॅलन्सची वजनं त्या मानाने बरी, पण त्यातली काही जस्ताची किंवा लोखंडाची असतात ती वेगळी काढा.

स्पून (चमच्यासारखं धातूचं लुअर) आणि स्पिनर (फिरत्या पात्याचं लुअर) सोपे आहेत. धातूच्या स्पूनचं पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्युएलने 1852 मध्ये घेतलं, आणि आजही दांडी कापलेला घरचा चमचा तेच काम करतो. निमुळत्या टोकाला दोरी, रुंद टोकाला हुक. स्टीलला ड्रिल मारताना आधी पंचने खूण करा, हळू फिरवा, तेल टाका आणि दाब द्या, बिट नुसता जागेवर घासत राहिला तर तिथलं स्टील अजून कडक होतं आणि मग भोक पडतच नाही. भोकाच्या कडा गोल घासा. स्पिनरला कटलरीच्या दुकानातले पितळी मणी, पात्याच्या खाली एक मणी हवाच, त्याच्यावरच पातं फिरतं. गोल पातं हळू ओढलं तरी फिरतं आणि थरथर जास्त देतं, गढूळ पाण्यात तेच घ्या, लांबट पानासारखं पातं स्वच्छ आणि वाहत्या पाण्याला. पुढे स्विव्हल (फिरती कडी) लावा, नाहीतर दोरीला पीळ पडतो.

रंगकाम. एअरब्रश नको, स्प्रेचा डबा आणि स्पंज बास. पाठ गडद, पोट फिकट, एवढं सांभाळा. खवल्यांसाठी लसणाच्या पिशवीची जाळी लुअरवर ताणून वरून फवारा, जाळी काढली की खवले. डोळ्यांना टिकल्या लावा, वर कोटिंग चढलं की निघत नाहीत. लाकडाच्या लुअरला मात्र कोटिंगमध्ये कंजूषी करू नका, कारण हुक सारखे अंगावर घासून तिथेच चर पडतो, त्यातून पाणी शिरतं आणि लाकूड फुगून रंग उचलला जातो. सीलरचे दोन-तीन हात, प्रत्येक वेळी 400 च्या पेपरने हलकं घासून, मग रंग, मग दोन भागांचं इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन). इपॉक्सी लावल्यावर लुअर फिरत राहिलं पाहिजे नाहीतर सगळं पोटाशी ओघळून जमतं. मायक्रोवेव्हची काचेची थाळी फिरवणारी जी छोटी मोटर असते ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, त्याला लाकडी चाक लावलं की काम झालं, फक्त ती 230 व्होल्टची असेल तर वायरचे जोड नीट झाका.

आपल्या हवेचं पण लक्षात ठेवा भाऊ. मे महिन्यात पारा 44-45 ला गेला की इपॉक्सी कालवल्यावर वाटीतच घट्ट व्हायला लागतं, म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं कालवा. आणि पावसाळ्यात दमट हवेत लॅकर मारलं की पांढरट धुरकट होतं. मी रंगकाम होळीच्या सुमारास उरकून घेतो, पावसाळ्याला पेटी तयार. उन्हात गाडीच्या डिकीत लुअर ठेवू नका, पोकळ असेल तर आतली हवा फुगून जोड उघडते. मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या आणि बेडूक तर कडक लुअरच्या डब्यात कधीच एकत्र ठेवायचे नाहीत, त्यातलं तेल रंग आणि प्लॅस्टिक विरघळवून सगळा चिकट गोळा करतं. या अळ्या घरी ओतण्याबद्दल विचारलं नाहीये पण पुढे विचारालच, तर ते प्लॅस्टिसोल 170 डिग्रीच्या वर तापवावं लागतं, धूर वाईट असतो, बंद खोलीत किंवा स्वयंपाकघरात तो उद्योग करू नका.

हुक मात्र विकतचेच घ्या, चांगल्या कंपनीचे, तिथे पैसे वाचवू नका. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा सोडायचा असेल तर पटकन सुटतो, आणि आपल्या बोटात घुसला तरी तोच नियम. जून-जुलैपासून मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका पाण्याच्या वरच्या थरात दिसेल आणि खाली नर-मादी राखण करत असतील, तिथे फ्रॉग टाकला की ती हमखास धावून येते, काही जण मुद्दाम तिथेच टाकतात. कृपा करून तिथे टाकू नका. मोठी मरळ काढली की तो अख्खा घोळका बाकीच्या माशांच्या पोटात जातो आणि पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात काहीच नसतं. धरणावर मासेमारीचा ठेका सहसा सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारून बसा. तिथल्या भोई मंडळींशी दोन शब्द बोला, कुठल्या पाण्याला काय चालतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि लुअर दाखवलं की तेही आवडीने हातात घेऊन बघतात.

पहिल्यांदा चपलेचे चार-पाच फ्रॉग करा, वेगवेगळ्या जागी वजन घालून, आणि बादलीतला फरक बघा. तुमच्या रॉडवर किती ग्रॅमपर्यंत फेकायचं ते हँडलच्या वर छापलेलं असतं, आणि दोरी ब्रेड (विणलेली) आहे का साधी नायलॉन, हे दोन्ही कळवा, म्हणजे वजन 5 ग्रॅम ठेवायचं का 8 ते नेमकं सांगता येईल. साधी नायलॉन असेल तर ती लांबते, फोमच्या फ्रॉगला हुक रुतवायला ती कमी पडते, मग हुकही एक नंबर लहान आणि बारीक तारेचा घ्यावा लागेल.